बिनआकड्याच्या रेघा

मित्रांनो, हल्ली मला बघणारा जो तो फळीच म्हणतो. म्हणू देत. पण मी जन्मानं दरवाजा आहे. जुना, जाड लाकडाचा आणि स्वभावानं जरासा मानी. मला घडवणाऱ्या सुतारानं माझ्या तीन फळ्या अशा बेमालूम जोडल्या होत्या की सांध्यात नख शिरत नव्हतं. रंधा मारून झाल्यावर त्यानं माझ्या अंगावरून हात फिरवला आणि शेजारच्याला म्हणाला, "मी गेल्यावरही हा उभा असेल." ते ऐकून मी किती फुशारलो होतो म्हणून सांगू!

मला एका घराच्या आतल्या खोलीला बसवलं. आमचं काम दिसायला सोपं असतं. आतल्याला आत ठेवायचं, बाहेरच्याला बाहेर. पण त्यासाठी चौकट लागते, हे लक्षात ठेवा. चौकटीत असेपर्यंत मी माझं काम चोख केलं. उंदीर, वारा, शेजारच्या आगाऊ मांजरी, कुणाचीही डाळ शिजू दिली नाही.

त्या घरात ताई सून म्हणून आली. तिला ताई म्हणायचा तो तिचा धाकटा भाऊ, पण पुढे सगळेच म्हणू लागले, म्हणून मीही म्हणतो. तिचा नवरा ताडमाड उंच होता. माझ्याखालून जाताना तो दर वेळी मान झुकवायचा आणि दर दोन दिवसांनी तरीही डोकं आपटून घ्यायचा. मुलगी वर्षाची व्हायच्या आत तो अपघातात गेला. मग भाऊ बहिणीकडे राहायला आला आणि मुलीचा मामा झाला. पुढे तोही सगळ्या जगाचा मामा झाला. मुलीला तो वीतभर म्हणायचा, कारण ती अंगानं फारच लहान होती.

वीतभरची उंची माझ्यावर मोजायचे. दर वाढदिवसाला ताई तिला माझ्याशी पाठ लावून उभी करायची, डोक्यावर पुस्तक ठेवायची आणि पेन्सिलनं रेघ ओढून शेजारी वयाचा आकडा लिहायची. दोन, तीन, चार. वीतभर मोठी लबाड. हळूच टाचा उचलायची. तिच्या केसांतली पिन मला टोचायची आणि हसू दाबताना तिची पाठ थरथरायची. मामा ओरडायचा, "टाचा खाली, चोरा!" मग दोन्ही टाचा माझ्यावर धपकन आपटायच्या. मला आयुष्यात पुष्कळ कौतुक मिळालं, पण त्या टाचांची सर कशालाच नाही.

सातचा आकडा लिहून दोन महिने झाले आणि वीतभर आजारी पडली. तापानं पाच दिवसांत सगळं आटोपलं. त्या पाच दिवसांत मला कुणी बंद केलं नाही आणि मलाही करकरायचा धीर झाला नाही.

पुढे ते घर सोडावं लागलं. सामान निघालं, आणि शेवटी ताईनं माझ्याकडे बोट दाखवलं. मामानं बिजागऱ्या काढल्या. चौकट भिंतीतच राहिली. नव्या भाड्याच्या खोलीत मला लावायला जागा नव्हती, म्हणून मी भिंतीला टेकून राहिलो. तेव्हापासून मी दरवाजाही नव्हतो आणि नुसतं लाकूडही नव्हतो. चौकट नसलेल्याला आत कुठलं आणि बाहेर कुठलं?

पोटासाठी दोघा भावंडांनी जुन्या वस्तू विकायला सुरुवात केली. जुने दिवे, रेडिओ, काचेच्या बरण्या, टाइपरायटर, पितळी मुठी. एका बंद गोदामाच्या आवारात दर महिन्याच्या पहिल्या रविवारी असा बाजार भरतो. तिथे मी टेबल झालो. दोन लाकडी घोड्यांवर मला आडवा टाकायचे, वर हिरवी चादर आणि चादरीवर माल. मान दुखावला खरा, पण ताई बरोबर होती म्हणून मी ते गिळलं.

स्टॉल मांडणं ही सोपी गोष्ट नाही, मित्रांनो. उजाडायच्या सुमाराला टेम्पो आवारात शिरतो. जमिनीवर खडूनं चौकोन आखलेले असतात, त्यातला आपला शोधायचा. आधी लोखंडी नळ्या, मग ताडपत्री. ताडपत्री बांधून होईपर्यंत मला टेम्पोला टेकवून उभा ठेवायचे. मग घोड्या, मग मी, मग चादर. मागे खोकी रचून उंच वस्तू, पुढे लहान. चादर माझ्या एका कडेला ताई मुद्दाम दुमडून ठेवायची, कारण तिथे वीतभरच्या खुणा होत्या आणि त्या झाकलेल्या तिला खपत नसत. एवढं चालू असताना टॉर्च घेतलेले व्यापारी यायचेच. बाजार उघडायच्या आत खोक्यांत डोकी घालून चांगला माल उचलायचा हा त्यांचा धंदा. सात वाजता राखणदार घंटा वाजवायचा. घंटेनंतर एकच नियम. किमतीची चिठ्ठी चिकटवलेली वस्तू कुणी त्या किमतीला मागितली, तर नाही म्हणायचं नाही. म्हटलं, तर जागा गेली.

वीतभर गेल्यानंतरच्या पहिल्या वाढदिवसाच्या महिन्यात ते सुरू झालं. मी टेम्पोला टेकून उभा होतो. ताई आणि मामा ताडपत्रीशी झटत होते. आणि कुणीतरी माझ्याशी पाठ लावली.

समोर कुणी नव्हतं. पण भार होता. वर डोकं टेकल्याचा दाब आला आणि पेन्सिल माझ्यात रुतत गेली. मी आनंदानं वेडा व्हायचाच बाकी होतो. मग मी टाचांची वाट पाहिली. टाचा टेकल्याच नाहीत. खाली काहीच नव्हतं. जे होतं, ते वरून आलं होतं.

चादर घालताना ताईला ती रेघ दिसली. सातच्या वर दोन बोटं. शेजारी आकडा नव्हता. ताई खोक्यावर मटकन बसली, हसली आणि मग कितीतरी वेळ रडली. "वाढतेय रे ती," एवढंच म्हणाली. मामाला वाटलं, ताईनंच काढली असणार. त्यानं मान वळवली आणि बरण्या पुसत बसला.

मग दर वर्षी त्याच महिन्यात. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर तीन बोटं, मग त्याच्यावर चार, मग चांगली एक वीत. सहाव्या वर्षी रेघ ताईच्याही वर गेली. आठव्या वर्षी मामाच्या. ताई अभिमानानं म्हणायची, "बापावर गेली." त्या एका महिन्यासाठी ती बाकीचे अकरा काढायची. तिचा चेहरा खुललेला मी पाहत होतो आणि मला बोलता येत नव्हतं. वीतभर पिन टोचायची, हसायची, लबाडी करायची. हे जे उभं राहायचं, ते कधीच हलत नसे. त्याला श्वास नव्हता. अडवणं हे माझं काम, आणि मी त्याला पाठ टेकू देत होतो.

आता नवव्या वर्षाचं सांगतो.

त्या सकाळी नवी रेघ ओढून झाली होती. ती माझ्या वरच्या कडेला जवळजवळ भिडली होती. ताईनं तिच्यावरून बोट फिरवलं आणि टेम्पो लांबच्या मैदानात लावायला गेली. मागे मामा चिठ्ठ्या चिकटवत होता. त्याची पद्धत अशी, की घरीच सगळ्या चिठ्ठ्या मालाच्या क्रमानं लिहून आणायच्या आणि डावीकडून उजवीकडे, मान वर न करता, हाताला लागेल त्याला चिकटवत जायचं. या पद्धतीचा त्याला कोण अभिमान! नेमका तेव्हाच एका टॉर्चवाल्यानं कडेचा दिवा उजेडात बघायला उचलला. मामाचा हात दिव्याच्या जागी आला, आणि दिव्याची चिठ्ठी माझ्या उघड्या कडेवर बसली. टॉर्चवाला दिवा ठेवून निघून गेला. घंटा झाली.

पहिलंच गिऱ्हाईक एक जोडपं होतं. बरोबर आठ-नऊ वर्षांची मुलगी, दोन वेण्या, गुडघ्याला खरचटलेलं. नवं घर बांधत होते आणि मुलीच्या खोलीला त्यांना जुना दरवाजा हवा होता. बापानं चादरीखाली वाकून पाहिलं.

"हा दरवाजाच आहे ना? आणि इतका स्वस्त?"

"अहो, ते टेबल आहे आमचं. विकायचं नाही," मामा म्हणाला.

"चिठ्ठी आहे की त्याच्यावर."

मामानं चिठ्ठी पाहिली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. तो दिवा दाखवू लागला, हात जोडू लागला, पण तोवर राखणदार येऊन उभा राहिला होता. तो म्हणाला, "मामा, नियम तुम्हाला नवा नाही. देता का जागा सोडता?" ही जागा गेली तर दोघांनी खायचं काय, ते मामाला ठाऊक होतं. त्यानं माल खाली उतरवला, चादर काढली आणि मला बघण्यासाठी खांबाला टेकवून उभा केला.

ताई परत आली तेव्हा मी उभा होतो आणि माझ्या अंगावर हिरवं काहीच नव्हतं. ती धावत आली. मामा पुटपुटला, "ताई, माझ्याकडून घोटाळा झाला गं." ती काही बोलायच्या आत मुलीला माझ्यावरच्या रेघा दिसल्या. मुलंच ती. तिनं गिरकी घेतली आणि माझ्याशी पाठ लावली.

तिच्या टाचा टेकल्या. ऊबदार, खऱ्या टाचा. नऊ वर्षांनी! मी क्षणभर सगळं विसरलो. आणि मग वरून ते आलं.

"आई, डोक्यावरचा हात काढ ना," मुलगी म्हणाली.

तिच्या आईच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. "माझा हात कुठे आहे तिथे?" ती हसत म्हणाली.

ताई मात्र हसली नाही. ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. तिचा आवाज इतका हळू होता की त्या मुलीला आणि मलाच नीट ऐकू आला. "कसा आहे गं हात? लहान आहे? तुझ्याएवढ्या मुलीचा?"

"नाही. खूप मोठा आहे. गार आहे." मुलीचा चेहरा उतरला. "दाबतोय मला. काकू, मला निघता येत नाहीये."

ताईनं तिला दोन्ही दंडांना धरून ओढलं. पहिल्यांदा ती सुटली नाही. दुसऱ्यांदा सुटली आणि दोघी जमिनीवर पडल्या. माझ्यावर, सातच्या आकड्यापासून चार बोटं वर, एक ताजी रेघ उमटलेली होती. तिथे पेन्सिल कुणाच्याच हातात नव्हती.

ताई त्या रेघेकडे बघत राहिली. मग तिनं वरच्या नऊ रेघा पाहिल्या, एकेक, सावकाश. मला वाटलं, आता ही कोसळणार. ती उठली आणि शेजारच्या स्टॉलवर खुर्च्या दुरुस्त करणारे एक काका बसतात, त्यांची करवत घेऊन आली.

"अहो, ठरलेला माल आहे तो!" राखणदार ओरडला. "जागा जाईल तुमची."

"जाऊ द्या."

मामानं तिचा हात धरला. "ताई, अगं, नऊ वर्षं जपलंस तू हे. तिच्या खुणा आहेत."

"तिच्या नाहीत त्या," ताई म्हणाली. "ती सातचीच आहे रे. तेवढीच राहिली माझी पोर. मीच तिला उगीच वाढवत बसले." आणि तेव्हा कुठे ती रडली, पण हात थांबवला नाही. सातच्या रेघेवर एक बोट जागा ठेवून तिनं करवत लावली.

दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं. अर्ध्यावर करवत अडकली. वरून कुणीतरी सगळा भार टाकला होता. मामा पुढे आला, त्यानं दुसरी बाजू धरली, आणि दोघांनी मिळून मला कापलं. वरचा तुकडा पडला तो इतका जड, की मामा आणि राखणदार दोघांना मिळूनही तो हलवेना. थोड्या वेळानं मामानं परत हात घातला, तर एका हातानं उचलला गेला. जोडपं मुलीला कडेवर घेऊन केव्हाच गेलं होतं. जागा गेली ती गेलीच. हल्ली दोघं घरूनच माल विकतात आणि कसंबसं भागवतात.

मी ताईच्या खोलीत भिंतीशी उभा असतो. सहा रेघा, सहा आकडे, बास. ताई माझ्यावरून महिन्यातून एकदा तेलाचा हात फिरवते. ती आता त्या महिन्याची वाट बघत नाही. कधी कधी सातच्या आकड्यावर हात ठेवून नुसती बसते, आणि मला ते त्या हसण्यापेक्षा बरं वाटतं.

वरच्या तुकड्याचं मात्र राहिलं. मामानं तो जाळण्यासाठी आवाराच्या भिंतीशी टाकला होता. दुपारी काडेपेटी घेऊन गेला, तर तुकडा नव्हता. राखणदार म्हणाला, "चांगलं लाकूड होतं. कुणीतरी नेलं. मुलांच्या खोलीत लावायचंय म्हणाले."

म्हणून तर हे सगळं तुम्हाला सांगायचं, मित्रांनो. जुन्या वस्तूंची निगा राखा, त्यांना पुसा, तेल द्या, आम्हाला ते आवडतं. पण घरात जुनं लाकूड आलं, तर आधी त्यावर काय लिहिलंय ते नीट बघा. रेघा असतील आणि शेजारी आकडे नसतील, तर कितीही वाटलं तरी त्याला पाठ लावून उभे राहू नका. आणि कधी चुकून उभे राहिलात, आणि डोक्यावर हात आला, तर गप्प बसू नका. लगेच हाक मारा, आणि आईचे दोन्ही हात कुठे आहेत ते बघा.