डाव्या पानावरचं नाव

सलग तीन हंगाम तळाला राहायलासुद्धा अंगात कसब लागतं, असं धाकटा म्हणायचा. आठ संघांची स्पर्धा आणि त्यात आठवा नंबर, तोही न चुकता! शहरातल्या लोकांनी हॉकीचं नाव टाकलं होतं. पण चष्म्याच्या दुकानातल्या या दोघा भावांनी संघाचा पिच्छा सोडला नव्हता. सोडतील कसले! अकरा वर्षं दर सोमवारी ते क्लबला पत्र पाठवत होते, संघ नव्याने कसा उभा करायचा त्याचं.

पत्राची रीत ठरलेली. मोठा कागद, मधोमध घडी. डाव्या पानावर अण्णाने लिहायचं, संघात कोण राहणार. उजव्या पानावर धाकट्याने लिहायचं, कोण जाणार. माणसं हाकलायची धाकट्याला भारी हौस. पण उजव्या पानावरच्या नावापुढे अण्णाने 'मान्य' असं लिहिल्याशिवाय तो माणूस गेला असं धरायचं नाही, हा नियम. खाली दोघांच्या मिळून सूचना. ज्युनियर संघातली तीन पोरं मधल्या फळीत आणा आणि वर्षभर हरली तरी हलवू नका. पेनल्टी कॉर्नर मारणारा एकच ठेवलात तर समोरच्यांना तो पाठ होतो, दोन तयार करा. आणि देवाशपथ, दरवर्षी कोच बदलू नका, कोच म्हणजे काय टॉवेल आहे?

अकरा वर्षांत क्लबकडून एका ओळीचं उत्तर आलं नाही. तरी यांचं आपलं चालूच.

भांडण होतं ते एकाच नावावरून. गोलकीपर. त्याला सगळे भिंत म्हणायचे, आधी कौतुकाने आणि पुढे टोमणा म्हणून. नऊ वर्षं धाकटा त्याचं नाव उजव्या पानावर लिहीत आला आणि नऊ वर्षं अण्णा त्यापुढची जागा कोरी ठेवत आला. वर डाव्या पानावर पहिलं नाव भिंतीचंच.

"अरे, तो गोल खातोय, पंगतीला बसल्यासारखा!" धाकटा ओरडायचा.

"खाऊ दे," अण्णा म्हणायचा. पुढे एक शब्द नाही.

शिवाय अण्णाचं एक खूळ होतं. बसायचं ते भिंत उभा असेल त्याच गोलमागे, दुर्बीण डोळ्याला लावून. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की उठायचं आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचं. धाकटा मागून कुरकुरत चालायचा, की खेळ सगळा मधे चाललाय आणि आम्ही बघतोय गोलकीपरची पाठ!

दोन वर्षांपूर्वी अण्णा गेला. भरदुपारी, दुकानात. "जरा डोकं जड झालंय," म्हणाला, खुर्चीत मान टेकली आणि संपलं. दुकानात डोळे तपासायचा अण्णा, काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा धाकटा. धाकट्याने दुकान तीन दिवस बंद ठेवलं, चौथ्या दिवशी उघडलं, आणि तो रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे.

पुढच्या सोमवारी तो कागद घेऊन बसला. उजवं पान भरभर लिहून झालं. डावं पान कोरं. त्याला ते बघवेना. त्याने अण्णाचं पेन उचललं आणि अण्णाचं अक्षर काढायला लागला, मागे कललेलं, प्रत्येक शब्दाची रेघ मधेच तुटलेली. पहिलं नाव लिहिलं, भिंत. आणि मागे कुणीतरी घसा खाकरला. अण्णा समाधान झालं की खाकरायचा, अगदी तसाच.

धाकटा घाबरला? छे! त्याला बरं वाटलं. खरी भीती वाटायला हवी होती ती इथे.

मग दर सोमवारी तसंच. पेन हातात घेतलं की हात आपोआप मागे कलायचा. मैदानात शेजारची खुर्ची कुणी बसल्यासारखी कुरकुरायची आणि धाकटा तिच्याशीच बोलत राहायचा. गुडघ्यांचं निमित्त होतं, म्हणून आता तो गोलमागे जायचा नाही, मधेच बसायचा. खेळाकडे त्याचं लक्ष नसायचंच. बायको म्हणाली, "अहो, तुम्ही सामना बघायला जाता की भावाला भेटायला?" तो चिडला. खरं बोललं की माणूस चिडतोच.

गेल्या हंगामात डावीकडून मारलेला चेंडू भिंतीच्या गळ्यावर बसला. आठ दिवस त्याचा आवाज गेला, परत आला तो घोगरा होऊन. त्या सोमवारी धाकट्याने अण्णाच्या अक्षरात लिहिलं, 'अपघात होता. भिंत राहणार.' अण्णाने हेच लिहिलं असतं, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

आणि यंदा नवा कोच आला. पेपरात म्हणाला, चाहत्यांचं प्रत्येक पत्र मी स्वतः वाचणार, संघ पायापासून बांधणार. धाकट्याच्या अंगात वारं शिरलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणी वाचणार होतं. आणि तेव्हा त्याने ते केलं, जे धाकटा भाऊच करू जाणे. भिंतीचं नाव डाव्या पानावर लिहिलंच नाही. उजव्या पानावर लिहिलं आणि त्यापुढे, मागे कललेल्या अक्षरात, 'मान्य'. नऊ वर्षांचा वाद त्याने जिंकला. मेलेल्या माणसाशी वाद जिंकायला काय, पेन पुरतं. त्या दिवशी मागे कुणी खाकरलं नाही. त्याने दोनदा वळून बघितलं आणि पाकीट चिकटवलं.

गुरुवारी सकाळी दुकानाचं दार ढकलून एक उंच माणूस आत आला. खांद्याला मोठी बॅग. हेल्मेटशिवाय धाकट्याने त्याला इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं, तरी घोगरा आवाज ऐकताच ओळखलं.

"अण्णा आहेत?"

"बाहेर गेलाय," धाकट्याच्या तोंडून निघून गेलं.

"मग थांबतो, काका," भिंत म्हणाला आणि रोग्याच्या खुर्चीत बसला. बॅगेतून त्याने एक जाड फाईल काढली. आत घडीवर फाडलेले अर्धे कागद, एकावर एक. सगळी डावी पानं. "क्लबातला कारकून दर मंगळवारी मला देतो. त्याला वाटतं, मला कौतुक वाचायला आवडतं."

धाकट्याने हातातली फ्रेम खाली ठेवली.

"सहा वर्षांपूर्वी मी इथे आलो होतो," भिंत सांगू लागला. "तुम्ही नव्हता तेव्हा. डाव्या डोळ्याची तक्रार होती. अण्णांनी तासभर तपासलं आणि म्हणाले, हा डोळा जाणार, पण हळूहळू. किती हळू ते मला सांगता येणार नाही. मी हात जोडले, क्लबला कळवू नका म्हणालो. तेव्हा म्हणाले, बरं. मी दर सामन्याला तुझ्या गोलमागे बसेन. चेंडू तुला कधी दिसतो ते मला तुझ्या मानेवरून कळेल. जोवर डाव्या पानावर तुझं नाव आहे, तोवर बिनघोर उभा राहा. ज्या सोमवारी नसेल, त्या दिवशी पॅड उतरव. पण पुन्हा इथे यायचं नाही आणि मागे वळून मला शोधायचं नाही, लोक चौकशा करतील."

दुर्बीण कशासाठी होती आणि मध्यंतरातली ती पायपीट कशासाठी होती, ते धाकट्याला आत्ता कळलं. नऊ वर्षांतली शेवटची चार वर्षं अण्णा खेळ बघतच नव्हता. तो एका माणसाचा जीव राखत होता, आणि सख्ख्या भावाला त्याने पत्ता लागू दिला नव्हता.

"नवा कोच म्हणतो, अजून एक हंगाम खेळ, पोरांना आधार होईल. उद्या करारावर सही करायची आहे. आणि या मंगळवारी पान आलं ते माझ्या नावाशिवाय." भिंतीने कागद पुढे केला. "मी उतरवतो पॅड, शब्द दिलाय. पण सहा वर्षं त्यांच्या अक्षरावर उभा राहिलोय, एकदा तोंडाने सांगू देत. गळ्याला लागलं ना, तेव्हाच मला शंका आली होती. चेंडू दिसलाच नव्हता, काका. पण सोमवारी अण्णांनी लिहिलं, अपघात होता. म्हटलं, मग माझंच चुकलं असेल. पुन्हा उभा राहिलो."

अण्णा परगावी गेलाय, पॅड उतरव असा निरोप ठेवून गेलाय, एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं. धाकट्याने तोंड उघडलंही. पण समोरचा माणूस बोलता बोलता गळ्यावरच्या वणाला हात लावत होता.

"अण्णा नाहीये रे," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली जाऊन."

"मग ही पानं?"

"मी लिहिली."

"आणि गोलमागे?"

"कोणीच नव्हतं."

भिंतीने पुढे केलेला कागद परत फाईलमध्ये ठेवला. मग त्याने फाईल धाकट्याकडे सरकवली. "कुठून तुमची आहेत, दाखवा."

धाकट्याने पानं उलटली. पुन्हा उलटली. तारखा घातलेल्या नव्हत्या. जिवंत माणसाचं शेवटचं पान आणि मेलेल्याचं पहिलं पान त्याला स्वतःला वेगळं काढता येईना. त्याने फाईल मिटली आणि आपल्या हातांकडे बघितलं. हे हात दोन वर्षं एका माणसाला तोफेच्या तोंडी उभं करत होते, आणि आपल्याला वाटत होतं, आपण भावाची आठवण जपतोय!

तो वर बघतो, तर भिंतीचा चेहरा उजळलेला.

"म्हणजे अण्णांनी मला काढलंच नाही! हे तुमचं. कारकून सांगतो ना, तुम्ही तर नऊ वर्षं काढताय मला." तो उठलाच. "मग उद्या सही करतो मी."

"वेडा आहेस का? बस खाली!" धाकट्याने त्याला दंडाला धरून बसवलं, उजवा डोळा झाकला आणि समोर अक्षरांच्या तक्त्याकडे बोट केलं. भिंतीने खालची ओळसुद्धा धडाधड म्हणून दाखवली. धाकटा असल्या बनेल रोग्यांना ओळखून होता. आधी दोन्ही डोळ्यांनी पाठ करून ठेवतात. त्याने तक्ता काढून दुसरा लावला.

भिंत डोळा बारीक करून पुढे वाकला. वरचं सगळ्यात मोठं अक्षर त्याने तीनदा चुकीचं सांगितलं.

"सोड रे बाबा," धाकटा कळवळून म्हणाला. "पुढच्या वेळी चेंडू नुसता गळ्यावर लागून थांबणार नाही. मरशील."

"मैदानात दोन्ही डोळे उघडे असतात, काका." भिंतीने बॅग खांद्याला लावली. "आणि राग मानू नका, तुमचं पान मी कधी वाचलंच नाही. अण्णांनी सांगितलं असतं तर ऐकलं असतं."

तो दाराकडे निघाला. धाकट्याने मागच्या रिकाम्या जागेकडे बघितलं. दोन वर्षं न बोलावता येत होता, आज धाकट्याने मनातल्या मनात हाका मारल्या. अण्णा, ये ना रे. एकदा बोल. मी पुन्हा कधी काही मागणार नाही. मागे कुणी खाकरलं नाही. खुर्चीसुद्धा हलली नाही. भिंतीचा हात दारावर पोहोचला.

तेव्हा धाकट्यानेच घसा खाकरला. आणि अण्णाच्या त्या संथ, खालच्या आवाजात म्हणाला, "पुष्कळ अडवलंस, बाळा. आता उतरव ते पॅड."

भिंत जागच्या जागी थांबला. त्याला कळलं नसेल, असं थोडंच आहे? पण त्याने मागे वळून बघितलं नाही. खांद्यावरची बॅग हळूच खाली ठेवली, दाराशीच.

"बरं, अण्णा," तो म्हणाला, आणि बॅग तिथेच टाकून रस्त्यावर उतरला.

धाकटा रोग्याच्या खुर्चीत बसला. दुकानात आता तो एकटाच होता, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला ते कळलं. बायको आतून धावत आली, तेव्हा तो भावासाठी ओक्साबोक्शी रडत होता.