पंखाची कड

पहिल्यांदा दिसलं तेव्हा तिला हसू आलं होतं. पुढे हेच हसू तिला फार बोचलं, म्हणून ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

तिचा नवरा लढाऊ विमानं उडवायचा आणि सुट्टीच्या दिवशी त्याच विमानांची जलरंगात चित्रं काढायचा. दिवसभर भांडी घासणाऱ्याने रविवारी छंद म्हणून भांडी घासावीत, तसला हा प्रकार. पण तसं बोलायची सोय नव्हती. सकाळी सहाला तो घडीची खुर्ची, पाण्याचा डबा आणि रंगांची पेटी घेऊन निघायचा आणि विमानापासून शंभर पावलांवर बसायचा. हात ताठ करून पेन्सिल समोर धरायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने पंखाची लांबी, कडेचा उतार, शेपटीची उंची मापून घ्यायची. मापून झालं की दोन्ही डोळे उघडून कागदावर वाकायचं. पट्टीला मात्र हात लावायचा नाही. "पट्टीने मारलेली रेघ मेलेली असते," असं तो म्हणायचा. पांढरा रंग त्याच्या पेटीतच नव्हता. जिथे ऊन चमकायचं तिथे तो कागद कोरा सोडायचा.

ती बाजारात चित्रांच्या चौकटी बनवणाऱ्या दुकानात कामाला होती. हिरकणीने काच कापायची, पुठ्ठ्यात खिडकी कोरायची, चित्र त्यात सरळ बसवायचं. सरळ बसवणं हाच तिचा धंदा. कुणाच्या घरी गेली तरी भिंतीवरची तिरकी तसबीर नीट केल्याशिवाय तिला खुर्चीत बसवत नसे. वैमानिकांच्या वसाहतीत सगळे तिला वहिनी म्हणत, आणि ती दारात दिसली की घाईघाईने आधी आपापल्या भिंतींकडे बघत.

तर दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याचं नवं चित्र चौकटीत घालताना तिने पंखाच्या कडेला पोलादी पट्टी लावली, आणि कड काही पट्टीला लागेना. मध्याच्या जरा उजवीकडे ती खाली खचली होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला हसू फुटलं. संध्याकाळी घरी गेल्यागेल्या तिने त्याला छेडलं.

"काय रे, पट्टीशी वैर धरून शेवटी पंख वाकवलासच ना?"

तो बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करताच म्हणाला, "अगं, पंखात इंधन भरलेलं असतं. वजनाने थोडा झुकणारच."

हे तिला पटलं. विमानातलं तिला काय कळत होतं? आणि खरं सांगायचं तर पटवून घेणं सोयीचंही होतं.

पंधरा दिवसांनी त्याने वसाहतीच्या फाटकाशी चौथऱ्यावर बसवलेलं जुनं विमान रंगवलं. तीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेलं, इंजिन काढून घेतलेलं, पोटात चिमण्यांनी घरटी केलेली. तिने दुकानात पट्टी लावली. कड खचलेली. तिथेच, मध्याच्या जरा उजवीकडे. मग तिने चित्रातल्या मागच्या इमारतीच्या छपरावर पट्टी ठेवली. छप्परही बसलेलं होतं. आता चिमण्यांच्या विमानात इंधन कुठून आलं? आणि छपरात कोण इंधन भरतं? या वेळी हसू आलं नाही.

दुकानाचे मालक, सगळ्यांचे काका, मागून डोकावत होते. "कुणी काढलं गं हे?"

"माझ्या नवऱ्याने."

"त्याला म्हणावं डोळा दाखवून घे." काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझ्या उजव्या डोळ्याचं असंच झालं होतं. तो एकच डोळा उघडा ठेवला की दाराची चौकट मधेच खचलेली दिसायची. दोन्ही उघडे ठेवले की सगळं ठाकठीक, म्हणून महिनोन्‌महिने मला पत्ताच नाही. काच कापताना मी एक डोळा मिटतो ना! इतक्या काचा वाकड्या कापल्या, की गिऱ्हाइकांनी माझा उद्धार केला. मी म्हणायचो, तुमच्या भिंतीच वाकड्या…"

बोलता बोलता काकांना तिचा नवरा काय करतो ते आठवलं असावं. ते गप्प झाले, आणि उगाचच टेबलावरचा भुसा झटकायला लागले. काका गप्प बसलेले तिने आठ वर्षांत पाहिले नव्हते.

मग तिने त्याला लगेच का नाही सांगितलं? सांगायला तोंड उघडलं की वसाहतीतला एक शिरस्ता आडवा यायचा. लग्न होऊन ती इथे आली त्याच आठवड्यात, वसाहतीतल्या सर्वांत जुन्या बाईने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं: उडणाऱ्या माणसाच्या डोक्यात भीती घालायची नाही. भांडण झालं तरी गिळायचं, वाईट स्वप्न पडलं तरी गिळायचं. घाबरलेला हात वर चुकतो. इथल्या सगळ्या बायकांनी हे पाळलं होतं. कुणाचा ताप, कुणाचा गर्भपात, कुणाच्या वडिलांचं शेवटचं आजारपण, सगळं विमान उतरेपर्यंत पदराआड. तीही पाळत आली होती.

आणि दुसरी गोष्ट. एकदा पाठ लचकली म्हणून त्याचं उडणं बंद करून त्याला तीन आठवडे जमिनीवर ठेवलं होतं. त्या तीन आठवड्यांत त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, ते पुन्हा रंगाप्रमाणे लावले, आणि एका दुपारी काही कारण नसताना तो मोरीत बसून रडला. ते तिने दाराच्या फटीतून पाहिलं होतं. डोळा गेला म्हणजे तीन आठवड्यांवर थोडंच भागणार होतं? आणि हे त्याच्या साहेबांच्या कानावर आपणच घातलं असं त्याला कळलं, तर हा माणूस जन्मात आपल्याशी बोलेल का?

म्हणून ती शहाणी बाई त्याच्या परीक्षा घेत बसली. सुईत दोरा ओवून दे म्हणाली, त्याने पहिल्या फटक्यात ओवला. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाच म्हणाली, त्याने वाचली आणि वर "चष्मा तुलाच लागलाय" म्हणून चिडवलं. दोन डोळ्यांनी सगळं जमत होतं. तेवढ्यावर ती स्वतःची समजूत घालायची आणि ती समजूत सकाळच्या पहिल्या विमानापर्यंत टिकायची. दुकानावरून विमानांची जोडी गेली की तिच्या हातातली हिरकणी थांबायची. दोन आवाज गेले, आता दोन यायला हवेत. मधला तास ती काच कापत नसे, कारण कापलेली हमखास तडकायची. दोन आवाज परत आले की ती पुन्हा हिरकणी उचलायची.

शनिवारी दुकानात धाकटी आली. वसाहतीतली सर्वांत नवी बायको, म्हणून तिला हे नाव पडलं होतं. तिच्या नवऱ्याला जोडीत पुढे राहायला शिकवायचं होतं, आणि ते काम हिच्या नवऱ्याकडे होतं. म्हणजे धाकटीचा नवरा पुढे, आणि हा त्याच्या पंखाला पंख लावून बाजूला.

"वहिनी, बघा ना, दादांनी आम्हाला लग्नाच्या वाढदिवसाला दिलंय," धाकटीने गुंडाळी उलगडली. "छान चौकट करून द्या हं, अगदी सोनेरी."

हवाई तळावर शेजारी शेजारी उभी असलेली दोन विमानं होती. समोरून काढलेली, पंखाच्या टोकासमोर पंखाचं टोक. सकाळचा उजेड इतका सुंदर उतरला होता की क्षणभर तिला नवऱ्याचा अभिमान वाटला. मग तिची नजर मधे गेली. दोन टोकांमध्ये उजेडाची एक फट हवी होती. तिथे कागद कोरा सोडायला हवा होता. तो सोडलाच नव्हता. एका पंखाचा करडा रंग दुसऱ्याच्या करड्या रंगाला जाऊन मिळाला होता.

"किती जवळ आलीत ना दोघं?" धाकटी कौतुकाने म्हणाली. "वर मात्र दहा फूट अंतर ठेवतात म्हणे, तेही दादांच्या नुसत्या नजरेवर. हे म्हणतात, दादा बाजूला असले की मला वळून बघावंसुद्धा लागत नाही."

तिने गुंडाळी हातात घेतली. "सोमवारी ये," एवढंच कसंबसं बोलली.

रविवारी ती सांगणार होती. सकाळी सांगणार होती, पण तो शीळ घालत रंगांची पेटी धूत होता. दुपारी सांगणार होती, पण तो झोपला. संध्याकाळी "ऐक ना" म्हणालीसुद्धा, आणि त्याने मान वर केली तेव्हा तिने "उद्या दूध जास्त घ्यायचंय" असं सांगितलं. सोमवारी नऊला उड्डाण होतं. सहाला तो निघून गेला. ती दारात उभी राहून हात हलवत राहिली, आणि आपण काय केलं ते जिन्यावरचा त्याच्या बुटांचा आवाज विरल्यावर तिच्या डोक्यात शिरलं.

आठ वाजता दुकान उघडून तिने धाकटीचं चित्र टेबलावर ठेवलं. पुठ्ठा कापायला पट्टी उचलली, आणि ती पुठ्ठ्याऐवजी त्या एकमेकांना मिळालेल्या पंखांवर नेऊन ठेवली. आधीची दोन चित्रं अजून दुकानातच होती. तिने तीनही काखेत मारली, पट्टी घेतली आणि काकांना काहीही न सांगता धावत सुटली.

तळाच्या दवाखान्याच्या दारात पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला सांगितलं. कारण काय, तेही लिहा म्हणाला. तिने लिहिलं, "चित्रं." त्याने ते दोनदा वाचलं, तिच्याकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बघून पुढे काही विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई चहा पीत होत्या. तिने त्यांच्या टेबलावर चित्रं पसरली, एकेकावर पट्टी ठेवली, आणि दोन महिने साठलेलं सगळं अर्ध्या मिनिटात ओकली. बाहेर इंजिन सुरू झालं. पाठोपाठ दुसरं. खिडकीची काच थरथरायला लागली.

"माप घेताना ते कुठला डोळा मिटतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"डावा."

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. पलीकडे कुणी उचलेना. त्यांनी पुन्हा लावला. आवाज चढत चालला होता. हा आवाज इतका चढला की मग विमान पळायला लागतं, हे तिला झोपेतही कळलं असतं. ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती आणि आयुष्यात कुणाला केला नसेल असा नवस मनात करत होती. बाई फोनमध्ये ओरडून काहीतरी म्हणाल्या. मग एका इंजिनाचा आवाज खाली आला. मग दुसऱ्याचा. इतकी शांतता झाली की कपातला चमचा ऐकू आला. ती जमिनीवरच बसली.

दुपारी तो घरी आला. तिने दार उघडलं. ती शिव्या खायला तयार होती, अबोल्यालाही तयार होती. तो खुर्चीत बसला आणि शांतपणे सगळं सांगितलं. डावा डोळा झाकून त्याला बारीक चौकोन आखलेला कागद दाखवला होता, तर मधले चौकोन खचलेले. उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे पाणी साचलं होतं. बहुतेकदा तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. तोवर जमिनीवर.

"ओसरतं ना?" ती रडायलाच लागली. "बरं होतं ना? मग झालं तर."

मग त्याने विचारलं, "तुला पहिल्यांदा कधी दिसलं?"

"आज" म्हणता आलं असतं. जीभ तिथपर्यंत आलीही होती.

"दोन महिने झाले," ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. ओठ हलत होते. तो काहीतरी मोजत होता. "एकवीस वेळा," तो म्हणाला. "एकवीस वेळा मी त्या पोराच्या पंखाला पंख लावून उडालो. त्याने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही."

"तुझ्या डोक्यात भीती घालायची नव्हती रे मला."

"घालायची होतीस." त्याचा आवाज चढला नाही, हेच तिला सोसवेना. "भीती वाटली असती तर मी वर गेलोच नसतो. भीती तुला माझी वाटत होती. मी रुसेन, बोलणार नाही, डबे लावत बसेन. त्या पोराची तुला आठवणसुद्धा झाली नाही."

झाली होती, रोज झाली होती, असं तिला ओरडून सांगावंसं वाटलं. पण दोन आवाज मोजताना ती एकाच आवाजासाठी जीव मुठीत धरून बसायची, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

दार वाजलं. बाहेरून धाकटीचा आवाज आला, "वहिनी, आहात का? आज उड्डाण का रद्द केलं हो? ह्यांना कुणी काही सांगतच नाहीये."

तिने नवऱ्याकडे बघितलं. आज तरी त्याने पुढे व्हावं, इंजिन बिघडलं, हवा बिघडली, काहीही सांगून वेळ मारून न्यावी. तो जागचा हलला नाही.

तिने पदराने तोंड पुसलं आणि दार उघडलं. धाकटी हसत उभी होती.

"आत ये," ती म्हणाली. "आधी बस. दोन महिन्यांपूर्वीपासून सांगते."