शेफालीचं रीडिंग

“दोन पॉइंट सहा? कुठून आणलंस हे?” स्वरूप सरांनी शेफालीची प्रॅक्टिकल परीक्षेची उत्तरपत्रिका टेबलावर टाकली. “सगळ्या वर्गाचं दोन आलंय.”

“तार तवाच उचलली, सर.”

“खोड आणि दोन लिही. नाहीतर शून्य.”

हातातलं फडकं ठेवून गेनबा पुढे आला. वेल्ह्याकडच्या या ज्युनियर कॉलेजात तो प्रयोगशाळेचा शिपाई. हा प्रयोग एकवीस वर्षं त्यानेच मांडला होता. लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये दोन दोऱ्यांनी टांगलेली तांब्याची तार. तारेतली वीज हळूहळू वाढवायची. चुंबकाचा रेटा तारेच्या वजनाइतका झाला, की दोरे सैल पडतात आणि तार अधांतरी राहते. तेव्हाचा आकडा लिहायचा. पण बघून लिहिण्याची तसदी घेतो कोण? जुन्या वहीतले दोन अँपिअर दरवर्षी नव्या वहीत उतरत होते, आणि सरही तेच तपासत होते.

“सर, चुंबक गेल्या साली पडला. जोर कमी झालाय त्याचा. म्या तवाच सांगितलं हुतं तुमाला.”

“तुम्ही चहाचं बघा, गेनबा. बाहेरचे परीक्षक ऑफिसात खोळंबलेत.”

गेनबाच्या मस्तकात तिडीक गेली. त्याने वीज सुरू केली. दोनला दोरे ताठच होते. अडीचलाही ताठ. दोन पॉइंट सहाला मात्र सैल पडले आणि तार तरंगली.

“बघा की, सर.”

सरांनी बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, “मग बाकीच्या बावीस जणांना शून्य देऊ?”

म्हणजे बावीस जणांनी न बघता लिहिलं ते खरं, आणि डोळे उघडे ठेवले म्हणून शिक्षा एकटीला! शेफालीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. एकेक गुण तिला हवा होता.

“मामा, लिवू का दोन?” ती गेनबाकडे वळली.

लिही, असं गेनबाच्या ओठांवर आलं होतं. पोरीचं नुकसान त्याला दिसत होतं.

“तू काय बगितलंस?” त्याने विचारलं.

“दोन पॉइंट सहा.”

तिने पेनाला टोपण लावलं. सरांनी शून्य घातलं.

गेनबाने तिचं पेन मागून घेतलं. उत्तरपत्रिकेवर जिथे फक्त परीक्षकांनी सही करायची, तिथे एकेक अक्षर जपून काढत त्याने लिहिलं, ‘तार उचललेली मी पाहिली. गेनबा रेणुसे, शिपाई.’