टाके तुटतील

बाळ दामल्यांनी वाटीतलं कोमट तेल तळहातावर घेतलं आणि बायकोची डावी पोटरी चोळायला सुरुवात केली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांनी तिच्या पायाला हात लावण्याची ही पहिलीच वेळ होती.

"अहो, जरा हळू. दुखतंय."

"दुखणारच. पडून पडून आखडलाय पाय. जोर लावल्याशिवाय मोकळा व्हायचा नाही."

कुसुमताईंची गर्भपिशवी काढून आठवडा झाला होता. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, घरातल्या घरात चालत राहा, नुसतं पडून राहू नका. धायरीला घरी पोहोचेपर्यंत बाळरावांनी तो सल्ला निकालात काढला होता. "टाके तुटले तर ते येणार आहेत का शिवायला?" असं म्हणत त्यांनी बायकोला जे पलंगावर बसवलं ते बसवलंच. खडकीच्या कारखान्यात जन्मभर निरीक्षक म्हणून काढलेला माणूस. दुसऱ्याचं म्हणणं पहिल्या फटक्यात पास करायची सवयच नव्हती. पण या वेळी ते स्वतः राबलेही. चहा केला, कुकर लावला, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच ऐकवलं, "हिला मी पाऊल खाली टाकू देत नाही." कुसुमताईंनाही ते आवडलं, खोटं कशाला सांगा! साखर पुरेशी आहे का, असं या घरात त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता मात्र डावी पोटरी चांगलीच फुगली होती आणि हाताला कढत लागत होती. तेवढ्यात नाशिकहून मुलीचा, बँकेत असलेल्या नम्रताचा फोन आला. कुसुमताईंनी तो स्पीकरवर टाकून पायाचं सांगितलं.

"एकच पाय सुजलाय? आई, रक्ताची गुठळी असेल. माझ्या सासूबाईंचं अस्संच झालं होतं. बाबा, दाबू नका तो पाय! आत्ताच्या आत्ता आईला हॉस्पिटलमध्ये न्या."

"बँकेत हल्ली डॉक्टरकीही शिकवतात वाटतं," बाळराव म्हणाले आणि त्यांनी फोन बंद केला. मग बायकोकडे वळले. "कधी नव्हे ते करतोय, तर त्यातही चूक. थांबू का?"

तो स्वर कुसुमताईंच्या ओळखीचा होता. त्यानंतर पंधरा-पंधरा दिवस घरात अबोला असे, आणि तो मोडायचं कामही त्यांच्याकडेच असे.

"तसं नाही हो. दाबा," त्या म्हणाल्या. म्हणताना त्यांना स्वतःचाच राग आला.

जेवणं उरकायच्या आत त्यांना धाप लागली. श्वास अर्ध्यावरच अडकायला लागला, तेव्हा बाळराव घाबरले आणि शेजाऱ्यांनी गाडी काढली.

हॉस्पिटलमधली तरुण डॉक्टर तपासण्या पाहून बाळरावांजवळ आली. "गुठळी पायातून फुप्फुसात गेली आहे. ऑपरेशननंतर या चालत होत्या ना? आणि पायाला तेल कुणी चोळलं?"

बाळरावांनी एकदा बायकोकडे पाहिलं.

"मी रोज कानीकपाळी ओरडत होतो डॉक्टर, ऊठ, जरा चाल. ऐकेल तर शपथ! आणि तेलाचं म्हणाल, तर तिनंच चोळलं असेल. बायकांचे घरगुती उपाय, दुसरं काय!"

ऑक्सिजनच्या मास्कखाली कुसुमताईंना सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. छातीतली कळ त्यापुढे बरी म्हणायची.

"गुठळी विरघळवायचं औषध द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाली. "ऑपरेशन ताजं आहे, आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यात जिवाला धोका आहे. पण नाही दिलं, तर जास्त धोका आहे. सही लागेल."

तिनं संमतीचा कागद सवयीनं बाळरावांपुढे धरला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पेन काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.

कुसुमताईंनी मास्क बाजूला केला.

"माझ्याकडे द्या."

"अगं, तू बोलू नकोस. मी बघतोय ना."

"डॉक्टर," त्या थांबत थांबत म्हणाल्या, "जीव माझा आहे. सही मी करते."

डॉक्टरनं कागद बाळरावांच्या हातातून घेतला आणि आपलं पेन कुसुमताईंना दिलं. सही वाकडी आली, पण पूर्ण आली. तोवर बाळराव पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले होते. चादरीवरून त्यांनी बायकोच्या पायाकडे हात पुढे केला.

"तुम्ही बाहेर बसा," कुसुमताई म्हणाल्या, आणि मास्क त्यांनी स्वतःच परत लावून घेतला.