भरल्या होडीचं माप

तांडेलाच्या घरात ‘रिकामं’ हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही, असा त्याच्या बापाच्या वेळचा दंडक होता. हंडा कधी रिकामा नसे, तो ‘भरायचा’ असे. जाळ्यात काही आलं नाही, तर ‘आज समुद्रानं ठेवून घेतलं’ म्हणायचं. त्याची बायको आली शेतकऱ्याच्या घरातून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती सहज म्हणून गेली, ‘अहो, डबा रिकामाय.’ झालं! उंबऱ्यापर्यंत गेलेला हा पठ्ठ्या चपला काढून परत आत येऊन बसला आणि त्या दिवशी होडी जागची हलली नाही. तेव्हापासून तिनंही जिभेला वळण लावून घेतलं. माणसाला एखादं वेड असायचंच, ते नडत नाही तोवर घरच्यांनी हसून सोडून द्यावं. हे वेड मात्र पुढे चांगलंच नडलं.

खाडीच्या तोंडावर बांध घालायची सरकारी योजना आली, तेव्हा गावाला खरोखर आनंद झाला होता. उधाणाच्या भरतीला खारं पाणी शेतांत शिरायचं आणि उभं पीक जाळून जायचं. बायकोच्या थोरल्या भावाचं शेत तर खाडीला अगदी लागून, त्यावर मिठाचा पांढरा थर धरलेला. योजना अशी, की शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी मिळून बांध घालायचा आणि मजुरी सरकारनं द्यायची. मासेमारी बंद असते त्या महिन्यांत घरी बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा हे केव्हाही बरं. टोळीची मुकादम म्हणून तांडेलाच्या बायकोलाच नेमलं. तिचं माहेर शेतात आणि सासर पाण्यात, आणि आवाज दोन्हीकडे पोचेल एवढा खणखणीत.

कामावरचा साहेब वयानं लहान, पण भला माणूस. मोठ्या होड्या केव्हाच पलीकडच्या बंदरात गेल्या होत्या, खाडीतून समुद्रात जाणारी एकच होडी उरली होती, ती तांडेलाची. त्या एका होडीसाठी साहेबानं बांधात उधाणाला बंद करता येईल असा दरवाजा ठेवला. वरून शेतकऱ्यांना येता-जाता यावं म्हणून दरवाजावर सिमेंटची तुळई पडणार होती.

“तांडेल, तुमची होडी पाण्याच्या वर किती येते?” साहेबानं विचारलं.

तांडेल पाण्यात उतरला आणि त्यानं छातीशी हात आडवा धरला. “एवढी. नाकासकट.”

“नक्की ना?”

“जन्म गेला हिच्यात, साहेब.”

मुकादम जवळच उभी होती. नवऱ्याचा थाट बघून तिला हसू आलं, बाकी काही कळलं नाही.

हंगाम उघडला. बांधावर सगळा गाव जमला, तांडेल ऐटीत वल्ही मारत दरवाजाशी आला, आणि होडीचं नाक तुळईवर ठक्कन आपटलं. साहेबानं वाकून तुळईखाली बघितलं आणि विचारलं, “तांडेल, हे माप कधीचं?”

“भरल्या होडीचं,” तांडेल म्हणाला. “दुसरं माप कोण देतं, साहेब?”

मासळीनं भरलेली होडी पाण्यात खोल बसते, ती तुळईखालून आरामात आली असती. जाताना मात्र ती हलकी, म्हणून उंच. पाणी उतरलं की जाईल म्हणावं, तर तेवढं पाणी उतरेपर्यंत आतली खाडी चिखल होऊन जाते आणि होडी दरवाजापर्यंत येतच नाही. कुणीतरी होडीचं नाक कापायला सुचवलं. “तुझं काप आधी,” तांडेल गुरकावला. नाक कापलेल्या होडीत बाहेरची पहिलीच लाट आत आली असती.

तोड काढली मुकादमीनं. तिनं अख्खी टोळी होडीत चढवली. बायका खिदळत, एकमेकींना धरत दाटीवाटीनं बसल्या, होडी खाली गेली, तुळईखालून सरकली आणि बाहेरच्या पायऱ्यांवर सगळ्या उतरल्या. “तांडेल, रोज आमचं वजन वाढवायचं बघा,” एकीनं टोमणा मारला. तोही हसला. काम चालू होतं तोवर रोज हाच तमाशा व्हायचा आणि तो सगळ्यांना आवडायचा.

पण काम ते संपणारच. टोळीला लांब रस्त्याच्या कामावर पाठवलं, साहेबाची बदली झाली. जाण्याआधी त्यानं तुळई उंच करायचं वर कळवलं होतं. उत्तर आलं, की काम पूर्ण झालं आहे आणि बांध मजबूत आहे. पडलेलं उभारायला योजना असते, उभं असलेलं बदलायला नसते! बांधाची देखभाल तेवढी मुकादमीकडे राहिली. सकाळी तिचा भाऊ बायकापोरांना घेऊन येई, सगळे होडीत बसत आणि मेहुण्याला बाहेर सोडून शेतात जात. त्याचं शेत त्या वर्षी हिरवंगार होतं. त्याला कुणी काय बोलावं?

मग एका संध्याकाळी समुद्रानं सगळंच ठेवून घेतलं.

वारा सुटला होता. तांडेल बाहेरून दरवाजाशी आला तो होडीत नुसतं ओलं जाळं घेऊन. होडी उंच तरंगत होती आणि प्रत्येक लाटेला बांधाच्या दगडांवर आदळत होती. रात्रभर बाहेर ठेवली, तर सकाळी फळ्याच गोळा कराव्या लागल्या असत्या. वजनासाठी आत पाणी घ्यावं, तर त्या लाटांत ती पालथीच झाली असती. बांधावर होती मुकादम आणि तिचा भाऊ, दोघंच.

दोघंही वजनासाठी होडीत उतरली. नाक अजून तुळईला घासत होतं.

“दादा, पोरांना हाक मार ना.”

“अगं, घर काय इथं आहे? येईपर्यंत ही फुटेल.”

आजूबाजूला सुटा दगड एकही नव्हता, म्हणून ती पायऱ्यांवर चढली आणि बांधाचाच दगड उपटायला लागली. स्वतः बसवलेला दगड, पक्का बसवलेला. नखं तुटली तरी हलेना.

“नको गं,” भाऊ म्हणाला. “आत माझं पीक उभं आहे.”

तिनं मान वर केली नाही. तिला रडू फुटलं होतं आणि ते त्याला दाखवायचं नव्हतं. भावानं एकदा होडीकडे बघितलं, एकदा मागे शेताकडे. मग पहार आणून दगडाखाली घातली. दोघं दगड काढत राहिली आणि तांडेल ते होडीत रचत राहिला. होडी खाली बसली आणि दगडांनी भरून आत आली.

दगड परत बसवले, पण मधली माती पाण्यानं नेली होती. पुढच्या उधाणाला तिथून खारं पाणी शिरलं आणि हिरव्या पिकाची एक कड पिवळी पडली, मग पांढरी. भावानं चार शिव्या दिल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

बांधाला भगदाड पडलं म्हटल्यावर योजना लगेच आली. भगदाड बुजवायचं. तुळईला काही झालेलं नव्हतं, त्यामुळे ती होती तिथंच राहणार होती.

टोळी परत आली. पहिल्या सकाळी मुकादमीनं माणसं रांगेत उभी केली, तर शेवटी तांडेल. होडी त्यानं पहाटेच ओढून घराच्या भिंतीशी पालथी घातली होती.

“अहो, तुम्ही कशाला?” ती हळूच म्हणाली.

“काम मागायला आलोय. मुकादम तूच ना?”

टोमणे मारणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. तिनं त्याला घमेलं दिलं आणि स्वतः फावडं घेऊन मातीच्या ढिगाशी जाऊन उभी राहिली. रांग पुढे सरकत होती. त्याची पाळी आली. घमेलं दोन्ही हातांत धरून तो समोर उभा राहिला, तर हिचं लक्ष भलतीकडेच, भिंतीशी पालथ्या पडलेल्या होडीकडे.

“अगं,” तो म्हणाला, “रिकामं आहे. भर.”

तिनं फावडं मातीत खुपसलं, पण ते तिथंच उभं राहिलं.