चार वाजताचा प्रश्न

“पोरीशी तुझ्याच भाषेत बोलत राहा हं, रुचा. नाहीतर ती माझ्यासारखी होईल,” येसेनियाने दोन वर्षांपूर्वी दारातच बजावलं होतं. रुचाने ते हसण्यावारी नेलं. घरात नवरा-बायको दोघंही मराठी, फोनवर रोज साताऱ्याची आजी. मराठी जाऊन जाऊन जाणार कुठे!

कुठे जाते, ते आता तिला रोज दिसत होतं.

“सानू, कपाटातून तुझी वाटी काढ गं.”

“विच प्रेस, मम्मी?”

सानिकाला सगळं कळायचं, पण तोंडातून यायचं ते आयर्लंडमधल्या या पोर्टलीशचं अस्सल इंग्रजी; इथे कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात. पाच वर्षांची पोर, आणि बोलायची कोपऱ्यावरच्या पबवाल्यासारखी. फोनवर सासूबाई विचारायच्या, “काय गं, पोरगी बोलंना व्हय? मिठाची गुळणी धरलीया का तिनं?” रुचा आधी सारवासारव करायची. हल्ली सरळ फोन नवऱ्याच्या, हृषीकेशच्या हातात द्यायची. तो इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. चोवीस तासांची ड्युटी करून आलेला माणूस “बोलेल गं, होऊन जाईल” म्हणायचा आणि सोफ्यावरच घोरायला लागायचा. त्या ‘होऊन जाईल’ने रुचाच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

येसेनिया तिची शेजारीण. रुचा आठवड्यातून दोन दिवस डब्लिनजवळ क्लोनडॉकिनच्या ऑफिसला जायची, तेव्हा सानिकाला तीच सांभाळायची. आडनाव फेलन, बोलणं ठार आयरिश, चेहरा मात्र आईचा. रुंद गालफडं, काळेभोर सरळ केस. वडील याच गावचे, आता हयात नाहीत. बोलिव्हियात खाणीवर इंजिनियर होते, तिथून युसेबियाबाईंशी लग्न करून परतले. दोन भाषांनी पोर गोंधळेल, असं त्यांनी ठरवलं आणि बायकोने मान डोलावली. जे इंग्रजी धड येत नव्हतं, त्याच इंग्रजीत त्या बाईने मुलगी वाढवली.

“लोक विचारतात, तू मूळची कुठली?” येसेनिया सांगायची. “मी म्हणते, बोलिव्हिया. की समोरचा खूश होऊन स्पॅनिश सुरू करतो, आणि मी नुसती हसते. डब्लिनला लॅटिन लोकांच्या नाचाला जाऊन बघितलं. नाचता येतं गं मला, मधल्या वेळात काय करायचं ते येत नाही. इथे मी परकी दिसते, तिथे मी आयरिश वाटते.”

म्हणून तिशी उलटल्यावर ती स्पॅनिश शिकायला बसली. मंगळवारी क्लास, एरवी फोनवरचं ॲप. रुचा पोरीला न्यायला गेली की सिंकपाशी भांड्यांच्या आवाजात पाठ चाललेला असायचा: उनो, दोस, त्रेस.

त्यातच युसेबियाबाईंना अर्धांगाचा झटका आला. हात-पाय बऱ्यापैकी सावरले, पण इंग्रजी गेलं ते गेलंच. नर्सिंग होममध्ये खिडकीपाशी बसून त्या भरभरून बोलायच्या. आणि रोज दुपारी चारला, चहाची ट्रॉली आली की मुलीची बाही धरून एकच वाक्य म्हणायच्या आणि भुवया उंचावून थांबायच्या. काहीतरी विचारत होत्या, एवढं कुणालाही कळलं असतं.

“दीड वर्ष घासतेय, आणि आईचा एक प्रश्न कळत नाही,” येसेनिया म्हणायची. “ठोंबी आहे मी, दुसरं काय!”

नर्सिंग होमने फोनवर स्पॅनिश दुभाष्या लावून दिला. त्याने दहा मिनिटं ऐकलं आणि पेशंट गोंधळलेली आहे म्हणून फोन ठेवला. फाइलमध्ये नोंद झाली: असंबद्ध बडबड.

एप्रिलमधल्या एका बुधवारी रुचा सानिकाला घेऊन येसेनियाबरोबर गेली. लहान मूल बघून युसेबियाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी सानिकाचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यापासून एकेक बोट दाबत मोजायला लागल्या. “हुक. इस्काय. किन्सा. तावा. पिश्का.” पुन्हा अंगठ्यापासून. तिसऱ्या खेपेला सानिका त्यांच्याबरोबर मोजत होती, अगदी त्यांच्याच हेलात.

रुचा खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाली. “येस्सी, एक ते पाच म्हण बघू स्पॅनिशमध्ये.”

“उनो, दोस, त्रेस, क्वात्रो, सिंको. का गं?”

“मग तुझी आई काय मोजतेय?”

येसेनियाने आईकडे बघितलं, मग रुचाकडे. “फाइलमध्ये लिहिलंय ना, ती गोंधळलीय.”

“गोंधळलेला माणूस तीनदा तेच आकडे त्याच क्रमाने मोजेल का?”

रुचाला सासूबाई आठवल्या. गेल्या वर्षी इथे आल्या असताना त्यांच्या पोटात कळा आल्या, हृषीकेश ड्युटीवर, घरी पोर तापलेली, म्हणून ॲम्ब्युलन्समधून त्या एकट्याच गेल्या. ‘इंडियन’ म्हणून त्यांना फोनवर हिंदी दुभाष्या मिळाला. परक्या पुरुषाला नाही कसं म्हणायचं, म्हणून सासूबाईंनी चार प्रश्नांना चार वेळा ‘हां जी’ म्हटलं, आणि कागदावर त्यांना नसलेला मधुमेह लागला. देशाच्या नावावरून माणसाची भाषा ठरवली की असं होतं.

खिडकीपाशीच दोघींनी फोनवर युसेबियाबाईंचं बोलणं रेकॉर्ड करून घेतलं आणि येसेनियाच्या क्लासमधल्या ओळखीने डब्लिनच्या एका बोलिव्हियन विद्यार्थ्याला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं. हे केचुआ आहे, डोंगराकडची आमची जुनी भाषा. माझी आजी बोलायची. मला येत नाही, सॉरी.

येसेनिया रुचाच्या स्वयंपाकघरात तो मेसेज वाचत उभी राहिली. “म्हणजे ती स्पॅनिशही शाळेत जाऊन शिकली. माझ्यासारखीच.” मग फोन ओट्यावर आपटून म्हणाली, “तीस वर्षांत एकदा तरी सांगायचं होतं ना मला! एकदा!”

“लाज वाटायला लावली असेल कुणीतरी.”

“आणि मी? मी दीड वर्ष भलतंच पाठ करत बसले ते?”

केचुआचा दुभाष्या मागायला रुचाने दुभाषे पुरवणाऱ्या कंपनीला स्वतः फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की ही भाषा यादीत नाही, स्पॅनिश चालेल का? रुचाने फोन ठेवला आणि कणिक अशी काही तिंबली की सानिकाने दारातूनच विचारलं, “आर यू क्रॉस, मम्मी?”

“हो, आहे रागावलेली! मराठीत विचार!”

पोरगी रडायला लागली. मग रुचाने पिठाच्या हातानेच तिला जवळ घेतलं आणि तिची बोटं मोजायला लावली. शाळेतलं आयरिश तिला पाचापर्यंत घडाघडा आलं. युसेबियाबाईंचं पाचापर्यंत आलं. मराठी म्हटल्यावर, “एक, दोन, तीन… फोर.” रुचा चारवर अडून बसली. त्या संध्याकाळी पोळ्या जेमतेम झाल्या, पण सानिका ‘चार’ म्हणाली. म्हणाली खरी, रुसून.

येसेनियाचं मात्र काहीतरी मोडलं. रुचा म्हणायची, “अगं, जा तर खरी. पाच आकडे येतात ना, तेवढे मोज तिच्याबरोबर.”

“मोजून काय होणार? ती काहीतरी विचारते, तिला उत्तर हवंय. चार वाजले की ती माझ्याकडे बघते ना, ते मला बघवत नाही.” स्पॅनिशचा क्लास तिने सोडला. पुढे तर आईकडचं रोजचं जाणंही चुकायला लागलं. मग रुचाच सानिकाला घेऊन जायची. बाई पोरीची बोटं मोजायच्या आणि चार वाजता दाराकडे बघायच्या.

पण हॉस्पिटलातल्या नोकऱ्या सहा-सहा महिन्यांच्या करारावर, आणि या वेळी इथला करार वाढला नाही. जुलैत हृषीकेशला किलकेनीचं हॉस्पिटल मिळालं आणि घर हललं. किलकेनीहून रुचाने दोनदा फोन केला, दोन्ही वेळा येसेनियाने उचलला नाही. “करेल गं नंतर,” हृषीकेश म्हणाला, आणि रुचाने त्याच्याकडे असं बघितलं की तो गुपचूप चहा टाकायला उठला.

तेव्हापासून ओळखीचं, बिनओळखीचं जे भेटेल त्याला रुचा हेच सांगत सुटली आहे, आणि म्हणून तुम्हालाही सांगायचं. केचुआ येणारं कुणी माहीत असेल तर उत्तमच. नसेल तरी पोर्टलीशवरून जाल तेव्हा येसेनियाच्या घरी डोकवा. गल्लीतलं शेवटचं घर, हिरवं दार. बेल वाजवा. दारातच ती “आय ॲम ग्रँड”, म्हणजे ‘मी मजेत आहे’, म्हणेल. इथे सगळेच म्हणतात, तेवढ्यावर परत फिरू नका. आत जा, बसा, आणि चार वाजायच्या आत तिला आईकडे घेऊन जा.