मेंदीवालीचा कोरा पाय

गाबेस शहरात महबूबाच्या हातची मेंदी लागल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडायची नाही, एवढा बाईचा दरारा. पण ती फसली स्वतःच्याच पायापाशी. मांडीतली रक्ताची नळी तुंबली, ती डॉक्टर नौफलनी आत फुगा फुगवून मोकळी केली. काही महिने झकास गेले. मग अंगठ्याला जखम झाली, तशी बाईनं त्यावर मेंदी थापली. मेंदीनं जखम सुकते, हे तिथं तान्ह्या पोरालाही ठाऊक. रंग चढत गेला, आणि त्याखाली अंगठा कधी काळा पडला ते कुणाला दिसलंच नाही.

"फुगा वाया गेला, मावशी. नळी परत बंद," डॉक्टर म्हणाले. "गुडघ्याखालून पाय काढू."

"दुसरा उपाय?"

"त्या पायातली शीर काढून या पायात रक्ताला वेगळी वाट करून देता येईल. पण ऑपरेशन लांबलचक, आणि तुमचं काळीज थकलेलं."

"आई, ऐक ना," तिची लेक, दोरसाफ, रडायला लागली. "पाय गेला तरी चालेल."

"तुला चालेल गं! आणि माझ्या काळजाची काळजी नको. तुझ्या बापाबरोबर तीस वर्षं काढली त्यानं! डॉक्टर, शीर काढा."

नौफल हसू दाबत म्हणाले, "अंगठा मात्र जाणार. आणि या पायाला पुन्हा मेंदी नाही. रंग बदलला तर लगेच दिसला पाहिजे."

आता मात्र महबूबाचा चेहरा पडला. तिथं लग्नात कोरा पाय म्हणजे घरात कुणी गेल्याचं सुतक. मेंदीवालीनं तो मिरवायचा? रात्रभर ती धुसफुसली, नौफलला मनातल्या मनात शिव्या घालत राहिली आणि सकाळी कबूल झाली.

ऑपरेशननंतर काही महिन्यांनी पुतणीच्या लग्नात ती काठी टेकत आली. एक पाय मेंदीनं लालभडक, दुसरा साफ कोरा. बायकांत कुजबुज सुरू झाली. नवरदेवाकडच्या एका आत्याबाईंना राहवेना.

"अगं बाई, तुमच्याकडे कोण गेलं?"

महबूबानं ऐटीत कोरा पाय सगळ्यांसमोर चटईवर पसरला.

"अंगठा गेला. बाकी सगळे खुशाल आहेत. हा पाय मरता मरता परत आलाय, म्हणून उघडा ठेवलाय. नखं बघा, कशी गुलाबी आहेत! हात लावा, ऊबसुद्धा आहे."

आत्याबाईंनी खरंच हात लावला.

"पटलं? मग सरका तिकडे, नवरीचा पाय येऊ द्या."